होमस्टे, कृषी पर्यटन की कॅम्पिंग? आधी तुमच्या जमिनीवर काय चालतं ते तपासा

डोंगराच्या, धरणाच्या नाहीतर समुद्राच्या जवळ कोणाची एक-दोन एकर जमीन असली की त्याला कोणीतरी सांगतंच, अरे चार कॉटेज टाक, शनिवार-रविवार फुल जाईल. मग बहुतेक लोक आधी कॉटेजचं डिझाइन बघतात, मग कंत्राटदार, मग इन्स्टाग्रामवर पेज, आणि जमिनीचा विषय निघतो तो थेट तहसीलची नोटीस हातात पडल्यावर. तोपर्यंत पंधरा-वीस लाख जमिनीत गेलेले असतात, त्यातले बरेचसे कर्जाचे.

मला यात मनापासून वाटतं ते असं की धंदा कुठला करायचा हे आपण ठरवून जमिनीवर लादायचं नसतं, जमिनीचे कागद आणि नकाशे बघून त्यावर कुठला धंदा बसतो ते शोधायचं असतं. आणि लहान माणसासाठी ही चांगली बातमी आहे, कारण नियमांचा सगळ्यात जास्त त्रास रिसॉर्टवाल्यांना होतो, घरातल्या दोन खोल्या देणाऱ्याला किंवा शेती दाखवणाऱ्याला बऱ्यापैकी मोकळी वाट आहे, फक्त ती वाट नीट माहीत पाहिजे. खाली सगळं महाराष्ट्रापुरतं लिहिलंय, दुसऱ्या राज्यात कायदे वेगळे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमच्या जमिनीवर एकाच वेळी दोन वेगवेगळे कायदे चालतात. एक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, ज्यात शेतीची जमीन बिगरशेती म्हणजे एनए करण्याचा विषय येतो आणि तो महसूल खात्याकडे असतो. दुसरा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, तोही १९६६ चाच, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्यात झोन, बांधकाम परवानगी, एफएसआय म्हणजे जागेच्या प्रमाणात किती बांधता येईल ते, हे सगळं येतं. लोक एनए झालं म्हणून बांधायला घेतात, किंवा झोन बरोबर आहे म्हणून एनएचं बघतच नाहीत. दोन्ही खिडक्या वेगळ्या आहेत. आणि या दोन्हींच्या वर समुद्र, जंगल, नदी यांचे आपापले नियम आहेत, ते एखाद्या ठिकाणी बाकी सगळं बरोबर असूनही काम थांबवू शकतात.

पायरी १ : सातबारा नीट वाचा, नुसतं नाव बघू नका

डिजिटल सहीचा ताजा सातबारा काढा, सोबत ८अ म्हणजे खात्याचा उतारा आणि जितके जुने मिळतील तितके फेरफार. नाव आणि क्षेत्र सगळेच बघतात, खरं बघायचं ते बाकीचं.

पहिलं म्हणजे भूधारणा पद्धत. भोगवटादार वर्ग-१ असेल तर जमीन तशी मोकळी. वर्ग-२ असेल तर ती शासनाने काही अटींवर दिलेली असते, विकायला किंवा वापर बदलायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि शासनाला नजराणा म्हणजे ठरलेली रक्कम भरावी लागते. वर्ग-२ च्या जमिनीवर परवानगी न घेता कॉटेज बांधली तर नुसता दंड होऊन सुटत नाही, शर्तभंग धरला जातो आणि जमीनच शासनजमा होण्यापर्यंत विषय जाऊ शकतो. म्हणून ही ओळ वाचल्याशिवाय एक वीटसुद्धा आणू नका. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर संहितेचं कलम ३६ आणि ३६अ लागतं, बिगरआदिवासीला ती विकणं, गहाण ठेवणं, लीजवर देणं हे परवानगीशिवाय होत नाही. पालघर, नाशिक, नंदुरबार, गडचिरोली या भागात पर्यटनासाठी जमिनी बघणाऱ्यांनी हे आधी तपासायचं.

दुसरं, इतर अधिकार हा रकाना. इथे बँकेचा बोजा, कूळ, वहिवाट, पुनर्वसनासाठी संपादनाचा शेरा, आणि कधीकधी "खाजगी वन" किंवा "राखीव वन" असा शेरा सापडतो. खाजगी वनाचा शेरा दिसला तर तिथेच थांबा आणि वकील गाठा, कारण १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचे वाद आजही सुरू आहेत आणि वनजमिनीवर वन संवर्धन अधिनियम १९८० लागतो, तिथे केंद्राच्या मान्यतेशिवाय वनेतर वापर होत नाही. हा शेरा तलाठी तोंडी सांगून काढून टाकू शकत नाही, "ते जुनं आहे, काही होत नाही" असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

तिसरं, सामाईक नावं. सातबाऱ्यावर सात जण आणि बांधणार तुम्ही एकटे, असं असेल तर परवानगीच्या अर्जावर बाकीच्यांची संमती मागितली जाणार. आज चुलत्यांशी गोडी असेल तर आजच वाटणी करून, मोजणी करून, स्वतंत्र सातबारा करून घ्या, धंदा चालायला लागला की संमती मिळणं अवघड होतं, हे गावोगाव दिसतं.

आणि मोजणी. क प्रत म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा हातात असल्याशिवाय कुंपणाचा खांबसुद्धा रोवू नका. सरकारी मोजणीची फी भरून हद्द कायम करून घ्या, कारण आपण ज्याला आपला बांध समजतो तो नकाशावर वीस फूट आतबाहेर निघतो आणि नेमकी स्वच्छतागृहाची टाकी शेजाऱ्याच्या गटात जाते.

पायरी २ : झोन दाखला आणि भाग नकाशा

सातबारा सांगतो जमीन कोणाची, झोन सांगतो तिथे काय करता येतं. जिल्ह्याच्या नगर रचना कार्यालयात गट नंबर देऊन अर्ज केला की झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. दोन्ही मागा, नुसत्या दाखल्यावर थांबू नका, कारण भाग नकाशावर प्रस्तावित रस्ता, आरक्षण, पूररेषा तुमच्या गटातून कुठून जाते ते दिसतं.

त्याआधी एक प्रश्न विचारायचा, तुमच्या गावाचं नियोजन प्राधिकरण कोण? साध्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, पुण्याच्या आजूबाजूला पीएमआरडीए हे महानगर प्राधिकरण, आणि काही ठिकाणी विशेष नियोजन प्राधिकरण. उदाहरणार्थ साताऱ्यातल्या सातारा, जावळी, पाटण तालुक्यातली २३५ गावं नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी एमएसआरडीसी म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे दिली गेली, म्हणजे तिथल्या माणसाने जिल्ह्याच्या ऑफिसला चकरा मारून उपयोग नाही. चुकीच्या ऑफिसमधून मिळालेल्या कागदाला किंमत नसते.

बहुतेक राज्यात आता एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, डिसेंबर २०२० पासूनची, सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. पण पर्यटनवाल्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट ही की ज्या जागा आपल्याला हव्याहव्याशा वाटतात नेमक्या त्याच यातून वगळलेल्या होत्या : गिरिस्थान नगरपालिका, इको-सेन्सिटिव्ह म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं, लोणावळा नगरपरिषद. म्हणून माथेरान किंवा महाबळेश्वरला जमीन असलेल्याने दुसऱ्या तालुक्यातल्या मित्राला मिळालेली परवानगी बघून हिशोब मांडू नये.

तुमची जमीन शेती विभागात म्हणजे ग्रीन झोनमध्ये निघाली तर घाबरू नका. ग्रीन झोन म्हणजे काहीच चालत नाही असं नाही, फार्महाऊस, हॉटेल, रिसॉर्ट, तंबू असे काही वापर अटींवर मंजूर होऊ शकतात. अटी असतात त्या किमान क्षेत्राच्या, रस्त्याच्या रुंदीच्या आणि किती बांधकाम करता येईल त्याच्या. फार्महाऊसला किमान ०.४ हेक्टर लागतं, म्हणजे साधारण ४० गुंठे, एक एकर. कमी क्षेत्र असेल तर फार्महाऊसच्या नावाखाली कॉटेज उभी करायचा विचार सोडून द्या. आणि फार्महाऊस हे शेतकऱ्याच्या राहण्यासाठी असतं, त्या परवानगीवर खोल्या भाड्याने देणं हा वापरातला बदल आहे, इथे खूप जण फसतात.

पायरी ३ : समुद्र, जंगल, नदी, धरण

ही पायरी सगळ्यात मोठी आहे कारण पर्यटक येतो तोच मुळी या चार गोष्टींसाठी, आणि नियमही यांच्याच काठावर कडक आहेत.

समुद्रापासून सुरू करू. सध्याची सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची. गावांकडचा किनारा साधारण सीआरझेड-३ मध्ये येतो, त्याचे दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर ३-अ, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र. कमी घनता असेल तर ३-ब, तिथे ते २०० मीटर. कोकणातली बरीच गावं विरळ वस्तीची आहेत, म्हणून "नवीन नियमात ५० मीटर झालंय" हे ऐकून कोणी जमीन दाखवत असेल तर ते त्या गावाला लागू आहे का ते विचारा, कारण ते सरसकट नाही. आणि भरतीरेषा आपण डोळ्याने बघतो ती नाही, मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यावर आखलेली धरायची. खाडीकाठालाही सीआरझेड असतं हे विसरलं जातं, समुद्र दिसतसुद्धा नाही अशा ठिकाणी, भरतीचं पाणी जिथपर्यंत आत येतं तिथपर्यंत, ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी असेल तितका पट्टा.

पण याच अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक फार चांगली तरतूद आहे. सीआरझेड-३ मध्ये स्थानिक लोकांना, मच्छीमारांना धरून, आपल्या आहे त्या घरात होमस्टे करता येतो, अट एवढीच की घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे समुद्रालगत आजोबांचं कौलारू घर असेल तर ते पाडून स्लॅबची दोन मजली इमारत बांधायच्या मोहात पडू नका, ते घर तसंच नीट करून दोन खोल्या द्या, कायद्याने तुम्ही सुरक्षित आणि पाहुण्यालाही तेच हवं असतं. मला विचाराल तर किनाऱ्यावरच्या लहान माणसासाठी याच्याइतका शहाणा पर्याय दुसरा नाही.

वाळूवर काही करायचं असेल तर ते फक्त शासनाच्या शॅक म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या टपऱ्यांच्या धोरणातून. २०२० मध्ये वर्सोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली, केळवा आणि बोर्डी असे आठ किनारे सुरुवातीला निवडले गेले होते. ते तात्पुरतं बांधकाम असतं, परवान्यावर मिळतं, ती जागा तुमची होत नाही.

कायदा मोडून बांधलेलं पुढे टिकतं असं कोणी सांगत असेल तर केरळातलं बघा. वेंबनाड तलावातल्या बेटावर सीआरझेड मोडून बांधलेलं अख्खं रिसॉर्ट पाडायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये कायम केला आणि पुढे ते पाडलं गेलं. मोठ्या कंपनीला सोडलं नाही तर चार खोल्यांच्या माणसाला कोण सोडणार?

जंगलाकडे येऊ. ताडोबा, पेंच, कोयना, राधानगरी, भीमाशंकर अशा ठिकाणांच्या आजूबाजूला इको-सेन्सिटिव्ह झोनच्या वेगवेगळ्या अधिसूचना असतात, हद्द प्रत्येकाची वेगळी, गावांची यादी शेवटी जोडलेली असते, ती यादी आधी बघा. अशा बहुतेक अधिसूचनांत एक कलम ठरलेलं असतं : अभयारण्याच्या हद्दीपासून १ किलोमीटर किंवा झोनची हद्द, यात जे जवळ असेल तिथपर्यंत नवीन व्यावसायिक हॉटेल-रिसॉर्ट नाही, अपवाद फक्त इको-टुरिझमच्या लहान तात्पुरत्या बांधकामांचा. त्याच्या पलीकडे पर्यटन आराखड्याप्रमाणे चालतं. महाबळेश्वर-पाचगणीची अधिसूचना २००१ ची, माथेरानची २००३ ची, डहाणूची तर १९९१ ची, तिथे हे सगळं आणखी बारीक आहे, झाड तोडण्यापासून उतारावरच्या बांधकामापर्यंत.

पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह एरियाबद्दल गावात फार भीती पसरलेली आहे, घर बांधता येणार नाही, शेती बंद होणार वगैरे. २०१४ पासून त्याचे मसुदे पुन्हा पुन्हा निघाले, जुलै २०२४ मध्ये सहावा निघाला. मसुद्यात बंदीचा रोख खाणी, वाळू उपसा, लाल श्रेणीतले म्हणजे जास्त प्रदूषण करणारे कारखाने आणि २०,००० चौरस मीटर व त्यावरच्या बांधकामांवर आहे. चार खोल्यांचा होमस्टे त्यात कुठे बसत नाही. या भीतीपोटी कोणी स्वस्तात जमीन विकायला लावत असेल तर सावध राहा.

नदीकाठ असेल तर जलसंपदा खात्याच्या पूररेषा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये बांधकामाचा विचारच करायचा नाही, निळ्या-लालच्या मध्ये अटी असतात. इथे प्रश्न नुसत्या परवानगीचा नाही, रात्री झोपलेल्या पाहुण्यांच्या जिवाचा आहे, म्हणून इथे कोणी "मॅनेज करू" म्हटलं तरी करू नका.

धरणाकाठी बघायचं ते संपादनाची हद्द. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठाला सुंदर सपाट जागा मोकळी होते आणि तिथे तंबू लागतात, पवना धरणाच्या काठाला हे सगळ्यांनी पाहिलंय. ती मोकळी जागा बहुतेक वेळा संपादित झालेली, जलसंपदाची असते. शेजारचा शेतकरी ती "आमचीच होती" म्हणून भाड्याने देतो, पण पूर्वी होती म्हणजे आज आहे असं नाही.

पायरी ४ : आता धंद्याचं रूप ठरवा

एवढं झाल्यावर तुमच्यापुढे चित्र स्पष्ट असतं.

गावठाणात किंवा अधिकृत घरात राहता आणि त्यातल्या काही खोल्या देणार असाल तर होमस्टे किंवा निवास व न्याहारी हा सगळ्यात हलका पर्याय. केंद्राच्या योजनेत १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ बेड आणि मालकाचं कुटुंब तिथेच राहणारं पाहिजे. इथे जमिनीचा मूळ वापर, म्हणजे राहणं, बदलत नाही, म्हणून कटकट कमी. घर गावठाणाबाहेर शेतात असेल तर मात्र ते बांधताना परवानगी होती का हा प्रश्न येणारच.

शेती चालू आहे आणि ती दाखवायची आहे तर कृषी पर्यटन. राज्याचं धोरण २०२० चं आहे, किमान १ एकर जमीन पाहिजे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, वैयक्तिक शेतकरी, सहकारी संस्था, शेतकरी कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रं वगैरे पात्र आहेत आणि राहण्यासाठी ८ खोल्यांपर्यंत सोय करता येते. यात मुख्य काय ते समजून घ्या, शेती हा मुख्य वापर राहिला पाहिजे आणि पर्यटन त्याला जोड. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत सलग दोन-तीन वर्षं जमीन पडीक दिसत असेल आणि वर कॉटेज, तर ते कृषी पर्यटन आहे हे तुम्ही कोणाला पटवू शकत नाही, म्हणून ई-पीक पाहणी दर हंगामाला न चुकता करा. आणि पर्यटन संचालनालयाचं प्रमाणपत्र ही बांधकाम परवानगी नाही, ही दोन वेगळी कामं आहेत, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतानाही बांधकामाची नोटीस येऊ शकते.

फक्त दिवसाची सहल, शिवारफेरी, हुरडा, जेवण, आणि रात्रीचा मुक्काम नाही असं केलं तर जमिनीच्या नियमांचा भार फार कमी होतो. पहिली दोन वर्षं असंच चालवून बघा, गिऱ्हाईक येतंय का ते कळतं आणि तोपर्यंत परवानग्यांना वेळही मिळतो.

तंबू आणि कंटेनर. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे, "पाया नाही म्हणजे बांधकाम नाही म्हणजे परवानगी नाही". एमआरटीपीमध्ये विकास या शब्दाच्या व्याख्येत इमारत बांधणं तर आहेच पण जमिनीच्या वापरात महत्त्वाचा बदल करणं हेही आहे. महसूल संहितेतही प्रश्न वापराचाच आहे. वर्षातून एकदा दोन दिवस तंबू लावले तो भाग वेगळा, पण बारा महिने दहा तंबू, खाली काँक्रीटचे ओटे, पक्की स्वच्छतागृहं आणि ऑनलाइन बुकिंग असेल तर तो व्यावसायिक वापर आहे, चाकांवर ठेवलेल्या कंटेनरचंही तेच. कॅम्पसोबत रॅपलिंग, झिपलाइन, कयाकिंग ठेवणार असाल तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाची नोंदणी वेगळी.

आणि खरंच हॉटेल-रिसॉर्टच करायचं असेल तर ते लहान धंद्याच्या सवलतीत बसवायचा प्रयत्न करू नका, आर्किटेक्ट घ्या, पूर्ण रस्त्याने जा. शासनाने अधिसूचित केलेलं पर्यटनस्थळ किंवा गिरिस्थान असेल तर महसूल संहितेच्या ४४अ खाली पर्यटनाचा वापर औद्योगिक वापरात धरून सोपी प्रक्रिया मिळते का ते त्यांना विचारा, हे कलम अनेकांना माहीत नसतं.

पायरी ५ : रस्ता, वीज, पाणी

रस्त्यावर जितके प्रस्ताव अडकतात तितके दुसऱ्या कशावर अडकत नसतील. शेतात जायला बांधावरून वाट आहे, तहसीलदारांनी महसूल संहितेच्या कलम १४३ खाली मंजूर केलेली आहे, एवढं बांधकाम परवानगीला पुरत नाही, ती वाट शेतीसाठी दिलेली असते. परवानगीला नियमावलीत बसणाऱ्या रुंदीचा, कागदावर असलेला रस्ता लागतो. गाव नकाशावर रस्ता आहे का, शेजाऱ्यांकडून नोंदणीकृत रस्त्याचा हक्क लिहून घेता येतो का, हे जमिनीत पैसे टाकण्याच्या आधी बघा. हमरस्त्याला लागून असाल तर इमारत रेषेचं अंतर आणि रस्त्यावर गाडी चढवायची परवानगी हेही.

शेतीपंपाच्या कनेक्शनवर कॉटेज चालवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये हा अनधिकृत वापर धरतात आणि दुप्पट दराने आकारणी होते. व्यावसायिक मीटर घ्यायला गेलात की जागेचे कागद मागतात, म्हणून हीसुद्धा एक परीक्षाच समजा. सांडपाणी ओढ्यात सोडू नका, शोषखड्डा आणि सेप्टिक टाकी विहिरीपासून लांब ठेवा.

पायरी ६ : परवानगीचा क्रम

ग्रामपंचायतीपासून सुरुवात करा पण तिथेच संपवू नका. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला, नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतली नोंद, घरपट्टीची पावती, यातलं काहीही बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नाही. अनधिकृत बांधकामावरही घरपट्टी लागते, ती कराची नोंद असते. "आम्ही दहा वर्षं घरपट्टी भरतोय" हा युक्तिवाद सुनावणीत टिकत नाही.

मग नगर रचनेचा अभिप्राय, सीआरझेड किंवा इको झोन असेल तर तिथली मंजुरी, आर्किटेक्टमार्फत बांधकाम परवानगीचा प्रस्ताव. एनएचं आता प्रत्येक ठिकाणी सारखं राहिलेलं नाही. संहितेत ४२अ ते ४२ड ही कलमं आल्यापासून, विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत तो वापर आधीच दाखवलेला असेल, किंवा निवासी वापरासाठी गावठाणापासून २०० मीटरच्या आत जमीन असेल, तर वेगळी एनए परवानगी न घेता रूपांतर कर आणि आकारणी भरून काम होतं. इतर ठिकाणी कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो. शासन यात गेली काही वर्षं सतत सुधारणा करतंय, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी चालू असलेला शासन निर्णय वाचून घ्या, जुन्या माहितीवर एजंटला पैसे देऊ नका.

परवानगी मिळाल्यावर बिगरशेती वापर कधी सुरू केला ते ३० दिवसांत लेखी कळवायचं असतं, हे खूप जण विसरतात. आणि मंजूर नकाशात नसलेलं काही वाढवायचं नाही, पत्र्याची शेड नाही, स्विमिंग पूल नाही, आधी सुधारित मंजुरी.

बँकेचं कर्ज किंवा महिलांसाठीच्या "आई" धोरणातली व्याज परताव्यासारखी मदत, या सगळ्याला शेवटी हेच कागद लागतात, म्हणून ही मेहनत वाया जात नाही.

जमीन विकत किंवा भाड्याने घेत असाल तर

कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. "लेक व्ह्यू फार्म प्लॉट, २ गुंठे" अशा जाहिराती बघून भुलू नका, तुकडेबंदी कायद्यात बहुतेक जिल्ह्यांत २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र म्हणजे कमीत कमी तुकडा बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे, त्याखालच्या तुकड्याचा स्वतंत्र सातबारा होणं मुश्किल, मग दहा अनोळखी लोकांसोबत एका सातबाऱ्यावर नाव लागतं आणि परवानगीला दहाही जणांची सही.

शहरातला कोणी येऊन तुमची जमीन कॅम्पसाठी भाड्याने मागत असेल तर करारात स्पष्ट लिहून घ्या की परवानग्या कोण काढणार आणि दंड कोण भरणार. परवानगीशिवाय बिगरशेती वापर केला तर महसूल संहितेच्या कलम ४५ ची कारवाई जमीनधारकावरही होते, तो माणूस तंबू गुंडाळून निघून जातो आणि बोजा तुमच्या सातबाऱ्यावर चढतो. करार नोंदणीकृत करा, मुदत लहान ठेवा, पक्कं बांधकाम करायला मनाई लिहा.

आधीच बांधून झालंय, आता काय?

असे खूप जण आहेत आणि त्यांना लपून राहण्यापेक्षा बरा रस्ता आहे. आधी बघा, बांधकाम चुकीच्या जागी आहे की फक्त परवानगीशिवाय आहे. जागा योग्य असेल, झोनमध्ये तो वापर बसत असेल, रस्ता, एफएसआय, अंतरं जुळत असतील, तर नोटीस यायची वाट न बघता आर्किटेक्टकडून आहे तसा नकाशा काढून नियमित करण्याचा अर्ज करा. एनए न करता वापर केला असेल तर दंड आकारणीच्या ४० पटीपर्यंत जातो, पण मूळ आकारणी लहान असल्याने ग्रामीण भागात तो बऱ्याचदा परवडतो. एमआरटीपीच्या कलम ५३ ची नोटीस आलीच तर त्यातली मुदत सगळ्यात महत्त्वाची, त्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज केला तर त्यावर निर्णय होईपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो, मुदत हुकली की ही संधी गेली. नोटीस घ्यायला नकार देऊ नका, ती दारावर चिकटवली तरी बजावली धरतात.

ना विकास क्षेत्रात, निळ्या रेषेच्या आत किंवा वनजमिनीत बांधलं असेल तर मात्र नियमित होण्याची आशा धरून आणखी पैसे ओतू नका. तिथलं बुकिंग आधी बंद करा, सुटं होईल ते सामान, दारं-खिडक्या, पत्रे, टाक्या काढून दुसऱ्या योग्य जागी वापरता येतील का ते बघा, आणि वकिलाला कागद दाखवायला जाताना सातबारा, फेरफार, झोन दाखला, क प्रत, सगळ्या नोटिसा आणि त्यांची पाकिटंसुद्धा सोबत न्या, कारण नोटीस कुठल्या तारखेला मिळाली ते पाकिटावरच्या शिक्क्यावरून सिद्ध करता येतं.